टूरसाठी जुनी बाईक घेताय? आधी क्रॅशगार्ड उतरवायला लावा

लांबच्या, कच्च्या रस्त्यांच्या टूरसाठी जुनी बाईक शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. जाहिरातीत 'टूर रेडी', 'फुल्ली लोडेड' असं लिहिलेलं असेल आणि फोटोत पेट्या, क्रॅशगार्ड, फॉगलाइट असं सगळं चढवलेलं दिसत असेल, तर तिथेच थांबा. मला अशीच गाडी विकली गेली. तिच्यावरचं निम्मं सामान प्रवासासाठी नव्हतंच, आतली मोडतोड झाकायला लावलं होतं.

बेत हिमाचलमधल्या स्पितीचा होता. शिमल्याकडून किन्नौर, नाको, ताबो करत काझा गाठायचं आणि कुंझुम खिंड ओलांडून बातल, ग्राम्फूमार्गे मनालीला उतरायचं. कुंझुम साडेचार हजार मीटरच्याही वर आहे. लोसर सोडलं की ग्राम्फूपर्यंत धड गॅरेज नाही, रस्ता म्हणजे गोटे आणि वाळू, आणि दुपारी ऊन तापलं की वितळलेल्या बर्फाचं पाणी नाल्यांना चढतं. त्या पट्ट्यात गाडीच्या पुढच्या भागाने दगा दिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

गाडी निवडताना हिरोची एक्सपल्स 200 आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 यांत बराच खल झाला. नुसता कच्चा रस्ता असता तर मी आजही एक्सपल्सच सुचवेन. जेमतेम 158 किलोच्या आसपास वजन, चिखलात आडवी झाली तरी एकटीला उभी करता येते. हिमालयन जवळपास 200 किलोची. पण पुण्यापासून हायवेने सामान लादून जायचं तर तिची 15 लिटरची टाकी आणि बसायची ऐसपैस सोय कामाला येते. 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, पुढे 21 इंची चाक आणि 2020 पासूनच्या मॉडेलला मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय, म्हणून 2020चं मॉडेल शोधत होते.

डीलरकडे तशी गाडी होती. "ताई, ही लडाख करून आलीये, हिला काही शिकवावं लागणार नाही," हे त्याचं वाक्य. मीटरवर चौदा हजार किलोमीटर. मी आरसी पाहिली, परिवहनच्या ॲपवर कर्जाचा बोजा आणि चलनं तपासली, सगळं स्वच्छ निघालं. सर्व्हिसची नोंद मागितली तर त्याने शिक्के मारलेलं पुस्तक समोर ठेवलं. इन्शुरन्स चालू होता. राउंड मारायला दिली ती दुकानासमोरच्या गर्दीच्या रस्त्यावर, जिथे तिसरा गिअरसुद्धा पडत नाही. वर हेल्मेट, जॅकेट आणि नी-गार्डचा संच "आपल्याकडून भेट". विसार देऊन व्यवहार पक्का झाला आणि उरलेले पैसे यूपीआयने गेले.

पेट्या भरून वेल्ह्याहून केळदकडे सरावाला गेले तेव्हा पहिली शंका आली. सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडले की गाडी डावीकडे ओढायची. उतारावर पुढचा ब्रेक धरला की हँडलखाली खट्ट वाजायचं. डीलर म्हणाला, नवीन टायर आहेत, बसतील. टायरच्या कडेला कारखान्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर गाडीपेक्षाही जुने निघाले, नुसते काळा पॉलिश मारून चमकवलेले.

मग चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी मागच्या चाकाला दोरा लावून तो पुढच्या चाकापर्यंत ताणला. एका बाजूला दोरा टायरला टेकला, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती. "क्रॅशगार्ड काढू," म्हणाले. क्लॅम्प सुटल्यावर खालच्या पाईपचा रंग बाकी चेसिसपेक्षा जास्त काळा आणि गुळगुळीत दिसला. काकांनी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला, खाली राखाडी पुट्टी, आणि पुट्टीखाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ. गाडी समोरून जबर आदळली होती. टी (पुढचे शॉकअप धरून ठेवणारा भाग) सरळ करून परत बसवलेली, कोनसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) खाचा पडून अडकत होता. ज्या जागी वेल्डिंग होतं, नेमक्या त्याच जागी क्रॅशगार्डची पट्टी आवळलेली. हा योगायोग नाही.

चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. कंपनीच्या नोंदीत ही गाडी दुसऱ्या शहरात शेवटची आली तेव्हाच एक्केचाळीस हजार चालली होती. म्हणजे मीटर बदललेलं आणि शिक्क्यांचं पुस्तक बनावट. नोंद डीलरच्या हातून कधीच घेऊ नका. चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला स्वतः जा, विसार द्यायच्या आधी. विक्रेता नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. डीलर बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टी पॉलिसी दाखवतो. आधीच्या मालकाची गाडीच्या नुकसानीची पॉलिसी मागा आणि तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते बघा. क्लेम घेतला नसेल तर दरवर्षी 20, 25, 35, 45 असा चढत तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. तीन-चार वर्षांच्या गाडीला शून्य दिसत असेल तर क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्येच तुटलीय. दोन्हींचा खुलासा मागायलाच हवा.

त्या 'भेटी'ने तर मला गाडीपेक्षा जास्त संताप आला, कारण तिथे प्रश्न डोक्याचा होता. हेल्मेटवर आयएसआयचा स्टिकर होता, पण खऱ्या खुणेवर आयएस 4151 हा क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. इथे परवाना क्रमांकच नव्हता. तो असेल तरी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. मागे ईसीई या युरोपीय मानकाचाही स्टिकर चिकटवलेला. खरं ईसीई लेबल शक्यतो हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं असतं, गोलात ई आणि देशाचा आकडा. जॅकेटच्या कोपरातलं पॅड बाहेर काढून चिमटीत धरलं तर दोन बोटं एकमेकांना भिडली. साधा स्पंज! अस्सल पॅडवर ईएन 1621-1 हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि लेव्हल 1 किंवा 2 असं उमटवलेलं असतं, पाठीच्या पॅडवर ईएन 1621-2. जॅकेट घेताना पॅड खिशातून बाहेर काढून बघू द्या म्हणा. नाही म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

डीलरने हात वर केले. पावतीवर 'जशी आहे तशा स्थितीत' छापलंय, हे त्याचं उत्तर. पण जाहिरातीत त्याने स्वतःच 'नॉन-ॲक्सिडेंटल, ओरिजिनल रनिंग' लिहिलं होतं, आणि तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस दिली, त्यालाही दाद मिळाली नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. सोबत जोडलं ते असं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, सर्व्हिस सेंटरचा लेखी तपशील, मिस्त्रीकाकांचा सहीचा अहवाल आणि क्रॅशगार्ड उतरवतानाचा व्हिडिओ. तो व्हिडिओ काकांनी आग्रहाने काढायला लावला, आणि वकिलांच्या मते सगळ्यात वजनदार पुरावा तोच आहे.

प्रकरण अजून चालू आहे आणि गाडी तशीच झाकून ठेवलीय, दुरुस्त केली तर पुरावाच जाईल. तुमच्याकडे अशी डीलरकडून घेतलेली गाडी असेल आणि हात सोडल्यावर ती एका बाजूला ओढत असेल, तर ती घेऊन डोंगरात जाऊ नका. आधी दोरा लावून घ्या, सर्व्हिसची नोंद काढा. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची असते.