एअर इंडियाची विक्री: सौदा योग्य, हिशेबाची मांडणी अपुरी

‘सरकारनं एअर इंडिया टाटांना १८,००० कोटींना विकली’ एवढ्यावर थांबू नका. टाटांच्या त्या बोलीत १५,३०० कोटींचं कर्ज अंगावर घेणं धरलेलं होतं. सरकारला रोख मिळाले फक्त २,७०० कोटी. ऑगस्ट २०२१ अखेरच्या ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी उरलेले ४६,२६२ कोटी ‘एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग’ या सरकारी कंपनीच्या माथी आले. जुनी देणी फेडायला डिसेंबर २०२१च्या पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चासाठी संसदेकडे केलेल्या मागण्यांत) तिच्यासाठी ६२,०५७ कोटी मागावे लागले. म्हणजे विक्रीतून आलं त्याच्या कितीतरी पट बाहेर गेलं. तरी सौदा योग्यच, कारण तोट्याची गळती थांबली. खटकतं ते एवढंच, की निर्गुंतवणुकीच्या, म्हणजे सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकून आलेल्या पैशाच्या, आकड्यात जमा दिसते, खर्च मात्र पुरवणी मागण्यांत शोधावा लागतो. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचा.