दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर 'द फायनल शेप'

'डेस्टिनी 2' या ऑनलाइन गेमचा 'द फायनल शेप' हा विस्तार (मूळ गेमला जोडला जाणारा, वेगळा विकत घ्यायचा भाग) 4 जून 2024 रोजी खेळाडूंच्या हाती आला. तो 27 फेब्रुवारीला येणार होता. म्हणजे जाहीर केलेली तारीख बरोबर चौदा आठवड्यांनी पुढे गेली. पण या गेमच्या जुन्या खेळाडूंना विचारले तर ते प्रतीक्षेची मोजणी फेब्रुवारीपासून करणार नाहीत. पहिला 'डेस्टिनी' 9 सप्टेंबर 2014 रोजी आला, तेव्हापासून प्रकाश आणि अंधार यांच्या संघर्षाची जी कथा बंजी ही कंपनी तुकड्यातुकड्याने सांगत आली होती, तिचा शेवट या विस्तारात व्हायचा होता. त्यामुळे 'एवढी वाट पाहण्याजोगे यात काही आहे का' या प्रश्नाला दोन उत्तरे द्यावी लागतात. चौदा आठवड्यांच्या विलंबाचे चीज झाले, हे मी निःशंकपणे सांगतो. दहा वर्षांबद्दल मात्र, तुम्ही त्यांतली किती वर्षे गेममध्ये होता यावर सारे अवलंबून आहे.

विलंब जाहीर झाला तेव्हा वातावरण चांगले नव्हते. फेब्रुवारी 2023 मधल्या 'लाइटफॉल'ने बहुतेकांची निराशा केली होती, कारण त्या विस्तारात ज्या 'व्हेल'साठी (Veil, म्हणजे पडदा) सगळी धावपळ चालली होती ती वस्तू नेमकी काय आहे, हेच मोहीम संपेपर्यंत नीट कळत नव्हते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस कंपनीतून सुमारे शंभर जणांना काढण्यात आले आणि महिनाभरातच नवी तारीख जाहीर झाली. परिणामी एरवी सुमारे तीन महिन्यांचा असणारा सीझन, म्हणजे दोन विस्तारांच्या मधला कथेचा छोटा टप्पा, यावेळी सहा महिन्यांहून अधिक काळ ताणला गेला. माझ्या ओळखीतले कितीतरी खेळाडू या काळात दुसऱ्या गेमकडे वळले आणि त्यांना दोष देता येणार नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी 9 एप्रिलला 'इन्टू द लाइट' हे मोफत अपडेट आले. लाटांमागून लाटांनी येणाऱ्या शत्रूंपासून ठाणे राखण्याचा 'ऑनस्लॉट' हा प्रकार त्यातून मिळाला आणि जुनी गाजलेली शस्त्रे नव्या रूपात परत आली. ते अपडेट इतके नेटके होते की मुख्य विस्तारावरही सवड काढून काम होत असावे, असा विश्वास पहिल्यांदा वाटू लागला.

तो विश्वास विस्ताराच्या पहिल्या तासाभरातच खरा ठरतो. सगळी कथा 'ट्रॅव्हलर' या पांढऱ्या गोलाच्या पोटात, 'पेल हार्ट' नावाच्या प्रदेशात घडते. वर्षानुवर्षे हा गोल आपल्या डोक्यावर, शहराच्या आकाशात नुसता तरंगत होता. त्याच्या आत काय असेल यावर खेळाडूंनी अखंड तर्क केले होते. आत शिरल्यावर दिसते ते स्मृतींपासून घडलेले जग. सुरुवातीलाच पहिल्या 'डेस्टिनी'तला जुना टॉवर, म्हणजे खेळाडूंचे मुख्य ठाणे, उभा आहे, जो 'डेस्टिनी 2'च्या आरंभी शत्रूने उद्ध्वस्त केला होता. त्याच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत, फरशांतून फुले उगवली आहेत, पण जिने आणि कठडे जिथल्या तिथे आहेत. तिथून जसजसे पुढे जावे तसतशी भूमी बिघडत जाते. हिरवळ मागे पडते, दगडांतून माणसांच्या हातांचे आणि देहांचे आकार डोकावू लागतात आणि 'विटनेस' या खलनायकाच्या मनोऱ्याजवळ पोचेपर्यंत ओळखीचे असे काही उरत नाही. आजवरचे प्रदेश चहूबाजूंनी मोकळे मैदान असल्यासारखे असत. हा प्रदेश मात्र एका सरळ वाटेसारखा रचला आहे आणि त्या वाटेवरचे प्रत्येक वळण कुणीतरी थांबून, विचार करून आखले आहे. इथे मुख्य मोहिमेत अनोळखी खेळाडू मध्येच येऊन टपकत नाहीत, ही बाबही कथेच्या पथ्यावर पडली आहे.

मोहीम सात मिशनांची आहे आणि ती 'लेजेंडरी' या अवघड पातळीवरच खेळावी, असे मी आवर्जून सांगेन. कथानक फारसे न उघडता इतकेच लिहितो, की 2018 च्या 'फोरसेकन' विस्तारात मारला गेलेला केड-6 इथे परत येतो, तोही नेथन फिलियन यांच्या मूळ आवाजात. मेलेल्या लाडक्या पात्राला परत आणणे ही बहुतेक वेळा प्रेक्षकांना खूश करण्याची सोपी युक्ती असते. इथे तसे झालेले नाही, कारण केडला परत आल्यावर ज्याच्याबरोबर शेकोटीशी बसावे लागते तो क्रो, पूर्वजन्मी त्याचा मारेकरी होता. नव्या जन्माच्या सुरुवातीला क्रोला तो जन्म आठवत नव्हता. आपण काय केले हे आता त्याला ठाऊक आहे. या दोघांमधले अवघडलेले मौन आणि मग हळूहळू मोकळी होणारी थट्टा ऐकताना लेखकांनी घेतलेला वेळ जाणवतो. सेनापती झवालाचा भाग त्याहून जड आहे. या पात्राला आवाज देणारे लान्स रेडिक मार्च 2023 मध्ये निवर्तले. त्यांच्या जागी आलेल्या कीथ डेव्हिड यांनी रेडिक यांची नक्कल करण्याचा मोह टाळला आहे, आणि श्रद्धा डळमळलेला, रागावलेला, थकलेला झवाला स्वतःच्या पद्धतीने उभा केला आहे. मला या विस्तारातले सर्वांत मोलाचे काम हेच वाटते.

'ड्रेड' ही शत्रूंची नवी जमात मिळाली, हेही थोडे नाही. 'फोरसेकन'मधल्या 'स्कॉर्न'नंतर जवळजवळ सहा वर्षे खेळाडू त्याच त्या शत्रूंच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर गोळ्या झाडत होते. ड्रेडमधले आकाशात फिरणारे ग्रिम किंकाळी फोडून आपली चाल मंदावतात, वीव्हर लांबूनच आपल्याला स्वतःकडे ओढून घेतात, आणि हस्कच्या शरीरावरचा नाजूक भाग नेमका टिपला नाही तर त्याच्या मृतदेहातून दुसरेच काही बाहेर पडून अंगावर येते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या सवयीने आडोसा धरून बसणाऱ्यांना जागचे हलावेच लागते.

खेळण्याच्या पद्धतीत खरा फरक पाडला तो 'प्रिझमॅटिक'ने. आजवर खेळाडूला प्रकाशाच्या तीन किंवा अंधाराच्या दोन शक्तींपैकी एकच निवडावी लागत असे. आता या पाचांमधल्या ठरावीक क्षमता एकत्र बांधता येतात. पडद्यावर प्रकाशाची आणि अंधाराची अशा दोन पट्ट्या असतात आणि दोन्ही भरल्या की 'ट्रान्सेंडन्स' ही अवस्था सुरू करता येते, जिच्यात ग्रेनेडसुद्धा दोन शक्तींच्या मिश्रणातून बनतो. हे सगळे कागदावर किचकट वाटले तरी हातात आल्यावर लगेच अंगवळणी पडते. क्षमतांची निवड कंपनीनेच मर्यादित ठेवल्यामुळे काहींचा हिरमोड झाला, परंतु सगळेच मोकळे सोडले असते तर चार दिवसांत एकच जोडणी सर्वांनी उचलली असती, हे ऑनलाइन गेम खेळणाऱ्या कुणालाही पटेल.

आता 'सॅल्व्हेशन्स एज' या रेडविषयी, म्हणजे सहा जणांनी मिळून पार करायच्या लांब आणि अवघड मोहिमेविषयी, कारण चौदा आठवडे कुठे खर्ची पडले हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. तिच्या चौथ्या टप्प्याचे नाव 'व्हेरिटी'. टप्पा सुरू होताच सहांपैकी तिघे एकेकट्या खोल्यांत कोंडले जातात आणि उरलेले तिघे बाहेर राहतात. आतल्या प्रत्येकाला तिन्ही कोंडलेल्यांचे पुतळे दिसतात. प्रत्येक पुतळ्याच्या हाती वर्तुळ, त्रिकोण किंवा चौकोन असतो. त्याच वेळी बाहेरच्या तिघांपुढे त्याच तिघांचे भव्य पुतळे असतात, पण त्यांच्या हाती सपाट आकृत्यांऐवजी घनाकृती असतात: दोन वर्तुळांचा गोल, वर्तुळ आणि त्रिकोण यांचा शंकू, वर्तुळ आणि चौकोन यांची वृत्तचिती. आतल्यांनी भिंतीवर पडलेल्या सावल्यांमधले आकार एकमेकांकडे पाठवत राहायचे, बाहेरच्यांनी पुतळ्यांच्या घनाकृती फोडून आकारांची अदलाबदल करायची, आणि शेवटी प्रत्येक कोंडलेल्याच्या हाती त्याचा स्वतःचा आकार सोडून उरलेल्या दोन आकारांची घनाकृती आली पाहिजे, तरच तो बाहेर पडतो. म्हणजे ज्याचा पुतळा वर्तुळ धरून आहे त्याला त्रिकोण आणि चौकोन यांचा प्रिझम लागतो. संघ मराठी असेल तर कानांवर सतत 'डावा गोल, मधला त्रिकोण, उजवा चौकोन' पडत राहते आणि एखाद्याचे डावे-उजवे चुकले की सगळी गणिते कोलमडतात. या कोड्यात नुसता नेम चांगला असून भागत नाही. आपल्याला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही, याचे भान ठेवून नेमके बोलावे लागते. आत एकटा अडकलेला नवखा खेळाडू पहिल्यांदा स्वतःच्या हिशेबाने बाहेर येतो तेव्हा त्याच्या आवाजातला आनंद ऐकण्यासारखा असतो. असे कोडे घाईत रचता येत नाही. ते रचून, खेळून पाहून, मोडून पुन्हा रचावे लागते.

ही रेड 7 जूनला, आपल्याकडच्या रात्री साडेदहाला उघडली. पहिले 48 तास ती मुद्दाम अधिक कठीण ठेवलेली होती आणि जगात सर्वप्रथम ती पूर्ण करणाऱ्या संघालाही सुमारे 19 तास लागले. त्या पहिल्या विजयानंतरच 'एक्सिजन' हे अखेरचे मिशन सर्वांसाठी खुले झाले. त्यात बारा खेळाडू एकत्र येऊन विटनेसला शेवटची टक्कर देतात. ही कल्पना मला अतिशय आवडली. ज्यांना रेड झेपत नाही, ज्यांचा पाच जणांचा पक्का गट नाही, त्यांनाही कथेचा शेवट स्वतःच्या हाताने करता आला. मिशन अवघड नाही आणि ते तसे नसावे हेच योग्य. त्यातल्या अंतिम दृश्यात दहा वर्षे खांद्याशी तरंगणाऱ्या आपल्या 'घोस्ट' या छोट्या यांत्रिक सोबत्याच्या वाट्याला जे येते, ते पाहताना अनेक जुन्या खेळाडूंचे डोळे भरून आले असतील.

दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. पहिल्या दिवशी सर्व्हरवर एवढा ताण आला की जगभरचे खेळाडू मोहिमेच्या पहिल्याच मिशनमधून बाहेर फेकले जात होते. आपल्याकडे विस्तार रात्री साडेदहाला सुरू होणार असल्याने दुसऱ्या दिवशीची रजा टाकून बसलेल्यांची ती रात्र रांगेत आणि एररमध्ये गेली. चौदा आठवडे जादा मिळालेले असताना हे टाळायला हवे होते. सुदैवाने पुढच्या काही दिवसांत परिस्थिती सुधारली.

त्याहून गंभीर दोष या विस्ताराच्या आधीचा आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये 'डेस्टिनी 2'ची मूळ 'रेड वॉर' मोहीम आणि अनेक ग्रह गेममधून काढून टाकण्यात आले; फेब्रुवारी 2022 मध्ये 'फोरसेकन'ची मोहीमही गेली. केडचा मृत्यू आणि त्याचा सूड ज्या मोहिमेत होता, ती आज पूर्ण खेळता येत नाही. मग नव्या खेळाडूला क्रो आणि केड यांच्यातले मौन कसे कळणार? पडका टॉवर पाहून त्याच्या पोटात का कालवावे? ज्यांनी पैसे मोजून घेतलेली कथा अशी हातातून काढून घेतली गेली, त्यांचा राग मला रास्त वाटतो. दहा वर्षांच्या कथेचा शेवट इतका सुंदर लिहायचा आणि तिची मधली पाने फाडलेलीच ठेवायची, हे माझ्या मते या विस्ताराला लागलेले सर्वांत मोठे गालबोट आहे.

किमतीचा विचार करता, नुसता विस्तार आला तेव्हा 49.99 डॉलरला होता आणि वर्षभराचा पास धरून 99.99 डॉलरला. पासमध्ये सीझनऐवजी आलेले 'एकोज', 'रेव्हेनन्ट' आणि 'हेरसी' हे तीन एपिसोड आणि दोन डंजन (तीन जणांच्या छोट्या रेडसारख्या मोहिमा) होती. मूळ विस्ताराची पहिली किंमत मला पटते. दुसरी पटत नाही. विस्तार येऊन दोन महिने होण्याच्या आतच, 31 जुलै 2024 रोजी, कंपनीने आणखी 220 जणांना कमी केले, आणि त्यानंतर आलेला 'रेव्हेनन्ट' विसविशीत, बगांनी भरलेला निघाला. 'हेरसी'ने पुष्कळ सावरले, तरी विस्ताराच्या प्रत्येक कोपऱ्यात दिसणारी निगुती एपिसोडमध्ये सलगपणे दिसत नाही. ज्यांच्या हातांनी हा शेवट घडवला त्यांच्यातल्याच कित्येकांना त्याचे कौतुक चालू असताना नोकरी गमवावी लागली, ही गोष्ट मला आजही खुपते.

आता खरेदीविषयी. 'फोरसेकन'पर्यंत किंवा त्याआधीपासून खेळून मध्येच गेम सोडलेल्यांनी हा विस्तार जरूर घ्यावा आणि मोहीम संपल्यावर 'एक्सिजन' खेळल्याशिवाय थांबू नये. अगदी नव्याने येणाऱ्यांनी आधी 2022 चा 'द विच क्वीन' खेळावा, कारण आज उपलब्ध असलेल्या जुन्या मोहिमांत स्वतंत्रपणे समजणारी आणि उत्तम बांधलेली ती एकच आहे. केड आणि झवाला यांची मागची कथा खेळाडूंनी तयार केलेल्या व्हिडिओंतून पाहून घ्यावी आणि मग 'द फायनल शेप'कडे वळावे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात हे जुने विस्तार वरचेवर मोठ्या सवलतीत येतात, त्यामुळे पूर्ण किंमत मोजण्याची गरज नाही. गेम शंभर जीबीहून अधिक जागा घेतो, हे डाउनलोड लावण्यापूर्वी पाहावे. आणि रेड खेळायचीच असेल तर 'व्हेरिटी'चे नियम आधी वाचून न जाता, शिकवायला तयार असलेला एक जाणता खेळाडू सोबत घेऊन जावे.