मलाक्क्याची तोफ आणि तिच्यावरचं साल

मलेशियातलं मलाक्का, जकार्ता, मनिला, कुठेही कुणी जुनी पितळी तोफ विकायला काढली आणि तिच्यावर ठसठशीत साल दिसलं, तर पैसे खिशातच ठेवा. मला मलाक्क्यात जी गळ्यात मारली तिच्यावर १७४८ होतं आणि वर डच ईस्ट इंडिया कंपनीचं व्हीओसी चिन्ह.

तोफ दोन हात लांब. मलय लोक हिला लेला रेंटाका म्हणतात. होडीच्या काठावर दुबेळक्यात बसवून गरगर फिरवायची. मागे लाकडी दांडा घालायला पोकळ नळी असते. मी मूळचा नगरचा, मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आमच्याकडेच ओतली, हे ऐकल्यावर दुकानदार म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं!" आणि पुढे तासभर सांगत बसला. बोर्निओतल्या घराण्यातली, मुलीच्या लग्नात वरपक्षाने दिलेली वगैरे. यातली ग्यानबाची मेख अशी, की प्रथा खरी आहे. बोर्निओत अशा तोफा वधूमूल्य म्हणून देत, दंडापोटी भरत, पिकुल-काटी या तिथल्या वजनी मापांवर त्यांचा हिशेब होई. खोटी होती ती फक्त तोफ.

पुढे दुसऱ्या एका दुकानात तिची जुळी बहीण भेटली. दुसऱ्या कड्यावर तोच फुगवटा, नक्षीतल्या मगरीची शेपटी त्याच जागी तुटकी. खरी रेंटाका मेणाच्या नमुन्याभोवती मातीचा साचा करून ओतत: मेण वितळून जातं, मातीचा साचा फोडावा लागतो, म्हणून एकीसारखी दुसरी निघत नाही. इथे कुणीतरी एका तोफेवरून साचा घेऊन घाणा काढला होता. वेलबुट्टी बोथट का, तेही मग कळलं.

सिंगापुरातल्या एका जाणकाराने बत्तीच्या भोकात तार घातली; ती नळीपर्यंत पोचलीच नाही. नळीही वीतभर खोल, पुढे भरीव. अॅसिटोनच्या बोळ्याने हिरवा गंज पुसला गेला आणि खाली कानशीचे ताजे ओरखडे. मी धातूची तपासणी करू म्हटलं, तर तो हसला. तांबं, कथील, जस्त किती ते यंत्र सांगेल, साल नाही सांगणार. जुन्या ओतारींनीही मोडीचा धातू वितळवलाच, त्यामुळे जस्त सापडलं म्हणून तोफ नवी ठरत नाही.

व्हीओसी कंपनी १६०२ ते १७९९ होती, त्यामुळे १७४८ कुणालाही पटतं. पण कंपनीच्या स्वतःच्या तोफांवर चिन्हाजवळ सहसा शाखेचं अक्षर असतं, अॅमस्टरडॅमचं ए, आणि त्यांची घडण युरोपी. मलय वेलबुट्टीच्या छोट्या तोफेवर ते चिन्ह दिसलं की ती गिऱ्हाइकासाठी बनवली असं समजा. बहुतेक अस्सल रेंटाकांवर साल नसतंच. घाट आणि नक्षी बघून जाणकार फार तर शतक सांगतो. "अठरावं किंवा एकोणिसावं" म्हणणारा विक्रेता त्यातल्या त्यात बरा.

पैसे परत मागायला दुकानदाराकडे गेलो तर त्याने माझीच पावती पुढे केली. तोफेबरोबर मिळालेल्या लाल शिक्क्याच्या प्रमाणपत्रात १७४८ होतं, पण त्याखाली ना सही, ना दुकानाचं नाव. पावतीवर मात्र दोन्ही होती, आणि वस्तूपुढे लिहिलं होतं: शोभेची पितळी तोफ, एक नग.