आधी कुणाचं फेडायचं? बेळगाव भागातल्या ख्रिस्ती घरांसाठी कर्जफेडीच्या तीन वाटा

खानापूरकडच्या एका घरावर चार देणी आहेत असं धरू. खाजगी सावकाराचे ४०,००० रुपये, महिन्याला शेकडा पाच. बायकोच्या गटातून काढलेल्या फायनान्सचे ३०,००० शिल्लक, वर्षाला २४ टक्के, २,००० चा हप्ता अजून दीड वर्ष. पतसंस्थेचे १ लाख, १४ टक्क्यांनी, दोन जामीनदार घालून. हप्ता २,७३३, चार वर्षं बाकी. आणि किराणा दुकानाची ६,००० ची बिनव्याजी उधारी. सगळे हप्ते आणि सावकाराचं व्याज भागवून महिन्याला ३,००० उरतात. ते कुठे घालायचे?

उपदेशात बहुधा रोमकरांस १३:८ ऐकायला मिळतं: कोणाच्या ऋणात राहू नका. वचन खरं, पण आधी कुणाचं फेडायचं ते त्यात नाही. म्हणून हिशोब मांडून बघू. पतसंस्थेचा हप्ता तिन्ही वाटांत ठरल्याप्रमाणे चालू राहील. खालचे आकडे बाकीच्या ७६,००० चे आहेत.

| वाट | लागणारे महिने | जाणारं व्याज |
|---|---|---|
| लहान देणं आधी | १५ | सुमारे २७,००० |
| महागडं देणं आधी | १४ | सुमारे १७,७०० |
| सोनं ठेवून सावकार मिटवणं | १२ | सुमारे ६,८०० |

लहान आधी फेडायची पद्धत अमेरिकेत डेव्ह रॅमझी या ख्रिस्ती सल्लागाराने घरोघरी पोचवली. एक देणं संपलं की त्याचा हप्ता पुढच्यावर घालायचा. हुरूप येतो, आणि पाच-सहा किरकोळ घेणेकरी रोज दारात येत असतील तर घरातली कटकट लवकर थांबते. पण तिकडचा हिशोब मुख्यतः क्रेडिट कार्डाचा. महिन्याला शेकडा पाच घेणारा सावकार त्यात नाही. आपल्या उदाहरणात किराणा दोन महिन्यांत आणि गट आठव्या महिन्यात मिटतो, तोवर सावकाराला १६,००० नुसतं व्याज गेलेलं असतं आणि मुद्दल जवळपास जिथल्या तिथे.

महागडं आधी घेतलं तर सावकार अकराव्या महिन्यात सुटतो. यात एक मेख आहे. पुष्कळ सावकार मुद्दल तुकड्या-तुकड्याने घेतच नाहीत. ‘एकदम आण’ म्हणतात. मग ३,००० बाजूला टाकत ४०,००० जमायला चौदा महिने लागतात, आणि तेवढ्यात २८,००० व्याज जातं, म्हणजे लहान आधीपेक्षाही वाईट. तेव्हा वाट ठरवण्याआधी त्याला एवढंच विचारा: महिन्याला थोडं मुद्दल घेणार का, आणि पुढचं व्याज उरलेल्या रकमेवरच लावणार का? (पैसे साठवायचेच झाले तर पिग्मीत नको. मुदतीआधी मोडली की कमिशन कापतात.)

तिसरी वाट घरातल्या सोन्याची. २ राजे ४ मध्ये कर्जबाजारी विधवेला अलीशा आधी विचारतो, तुझ्या घरात काय आहे? पुढे क्रमही सांगतो: तेल विक, देणं फेड, उरलेल्यावर मुलांसह जग. बांगड्या किंवा चेन बँकेत ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी ४०,००० उचलले आणि सावकाराला एकरकमी दिले, तर पहिल्या महिन्याचं व्याज २,००० वरून ४०० वर येतं. उरणारे ३,००० आणि सावकाराचे वाचलेले २,००० असे महिना ५,००० भरत गेलात तर नवव्या महिन्यात सोनं परत घरी.

मात्र ही वाट बिघडते तीही ठराविक जागी. वर्ष भरलं की नुसतं व्याज भरून कर्ज नवं करायचं, पुन्हा एक वर्ष. असं करत सोनं शेवटी लिलावात निघतं. वजन करताना खडे आणि लाख वजा होतात, म्हणून रक्कम घरच्या अंदाजापेक्षा कमी मिळते. काही योजनांत उशीर झाला की दर चढतो. सही करण्याआधी अधूनमधून मुद्दल भरता येतं का, ते विचारून घ्या. आणि सोनं बायकोचं असेल तर निर्णयही तिचाच.

काय गहाण ठेवू नये याबद्दल शास्त्र स्पष्ट आहे. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये (अनुवाद २४:६), कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. आजचं जातं म्हणजे शिलाई मशीन, रिक्षा, दुभती म्हैस. कपाटातलं सोनं ठेवावं, पोट भरणारी वस्तू ठेवू नये.

आकड्यांत न मावणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या मानेवर बसलेलं कर्ज. पतसंस्थेचा दर सावकाराच्या चौथाईही नाही, तरी तो हप्ता सगळ्यांआधी भरावा. चुकला की नोटीस तुमच्याबरोबर जामीनदारालाही जाते. नीतिसूत्रे २२:२६-२७ मध्ये जामीन राहणाऱ्याला बजावलंय की द्यायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही नेतील. ते अंथरूण तुमच्यामुळे ओढलं जाऊ नये. गटाच्या हप्त्याचंही तसंच. एकीचा राहिला की बाकीच्या बायका ताटकळतात. तुमच्याकडे कुणाची मजुरी थकली असेल तर ती याही आधी, सूर्य मावळण्यापूर्वी (अनुवाद २४:१५). किराणावाल्याला निदान कधी देणार ती तारीख सांगा. गप्प राहिलात की ओळखीच्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागते.

दशांशावरून नवरा-बायकोत वाद होतात. मलाखी ३:१० धरून काही जण कर्जातही पूर्ण दहावा भाग देतात. इतर जण २ करिंथ ८:१२ दाखवतात: दान ज्याच्याजवळ जसं आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नव्हे. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. हप्ता बुडवून किंवा उसने घेऊन दशांश देऊ नये. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावावर लावणाऱ्यांना येशूने खडसावलंय (मार्क ७). रक्कम लहान करा, पण ठराविक ठेवा, आणि पाळकांना किंवा फादरना खरी स्थिती सांगा. दान ‘पेरा’, कर्ज आपोआप फिटेल, असं सांगणाऱ्या वक्त्याला मात्र एक पैसाही देऊ नका.

सावकार बिनपरवाना असेल तर कायद्याचाही विचार करावा लागतो. कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम आला, पुढे त्याचा कायदा झाला. नोंदणी नसलेल्यांनी दुर्बल घटकांना दिलेलं कर्ज व्याजासकट फिटलं असं त्यात मानलं जातं; जबरदस्तीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. सावकार सीमेपलीकडे चंदगड किंवा गडहिंग्लजचा असेल, तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा बघावा लागतो आणि तक्रार तिकडच्या सहकार खात्याकडे जाते. मग प्रश्न येतो: कायद्याने सुटलं म्हणून ख्रिस्ती माणसाने द्यायचंच नाही का? स्तोत्र ३७:२१ उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हणतं. पण नहेम्याच्या पाचव्या अध्यायात धनकोंना शेतं-घरं परत करायला लावली, व्याज म्हणून घेतलेला शंभरावा भागसुद्धा. इथला सावकार दर महिन्याला विसावा भाग नेतो. हातात आलेलं मुद्दल प्रामाणिकपणे परत करावं, धमकीचं व्याज नाही, असं आम्हाला वाटतं. बोलणी एकट्याने नकोत. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१०० आहे. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो.

गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सची माणसं सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येऊ शकत नाहीत. मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. अटींचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत देणं त्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक आहे. पतसंस्थेचे कागद मात्र कन्नडमध्ये असू शकतात. मंडळीतल्या कन्नड वाचणाऱ्याकडून ते सहीच्या आधी वाचून घ्या, हप्ता थकल्यावर नव्हे.

सावकाराला शेवटची रक्कम रोख देऊ नका. बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते, आणि त्याच बैठकीत कोरा चेक आणि सही केलेला बाँड परत मागा. ‘नंतर देतो’ म्हणाला तर पैसेही नंतर. तो चेक नंतर भरून बँकेत टाकला आणि वटला नाही, तर नोटीस येते आणि पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत की कोर्ट सुरू होतं. चेक हातात आला की त्याचा नंबर आपल्या चेकबुकातल्या नंबराशी ताडून पाहा, मग फाडा.