वाचनालयाचं शिफारसपत्रक: दिवाळी ते आषाढ, वापरून पाहिलेला अनुभव

नाशिकमधल्या आमच्या वाचनालयाने गेल्या दिवाळीपासून दर महिन्याला शिफारसपत्रक काढायला घेतलं. पाठपोट एकच कागद. पुढे पाच-सहा पुस्तकं, मागे महिनाभरातल्या घडामोडी. देवघेवीच्या टेबलावर गठ्ठा असतो, व्हॉट्सॲपवरही येतं. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी चांगलं. हे लिहिणाऱ्याने पुस्तकं खरोखर वाचलेली आहेत. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढलेला नाही. पुस्तक कोणाला रुचेल, कोणाला नाही, हे तीन-चार ओळींत सांगून मोकळं. एका कादंबरीची पहिली चाळीस पानं रेटावी लागतील, असं चक्क छापलं होतं. रेटली. पुढे रात्रीचे दोन वाजले.

दुसरं म्हणजे निवडीत नाशिक दिसतं, तेही ठरावीक नाशिक नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या कविता गावभर ऐकू येतात, पत्रकाने वि. वा. शिरवाडकरांच्या कथा सुचवल्या, ज्यांकडे आमच्या घरात कोणी फिरकलं नव्हतं. मार्चमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाचं निमित्त होतं (सुरुवात २ मार्च १९३०), तर इतिहासाच्या पुस्तकाशेजारी बाबुराव बागुलांचा १९६३ चा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ठेवला. बागुल नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. त्या गावावरून इतकी वर्षं ये-जा करूनही हे मला पत्रकातून कळलं. संग्रह एका बैठकीत वाचण्यासारखा नाही, एकेक कथा वाचून थांबावं लागतं.

आता रडगाणं. शिफारस होते आणि कपाटात प्रत असते एक! पत्रक शनिवारी लागतं, पण ज्यांची टेबलाशी ओळख त्यांच्या पिशवीत पुस्तक शुक्रवारीच गेलेलं असतं. मागणी-नोंदवहीत नाव लिहा म्हणतात. लिहिलं. फोन काही आला नाही. पुस्तक परत येऊन पुन्हा बाहेर गेलेलं तारखेच्या चिठ्ठीवर मीच पाहिलं. बऱ्याच सभासदांनी आवाज केल्यावर उन्हाळ्यात नियम बदलला: शिफारशीतलं पुस्तक आता आठ दिवसच मिळतं आणि नोंदवहीतलं नाव पुकारल्याशिवाय दुसऱ्याला देत नाहीत. फरक पडलाय. जाड पुस्तकाला आठ दिवस कुठे पुरतात, हा भाग वेगळा.

यावर माझा तोडगा असा. आमच्या सोसायटीत ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा २००९ पासूनचा उपक्रम, एका पेटीत १०० पुस्तकं. पत्रक हातात घेऊन पेटी उघडायची. वाचनालयात बाहेर गेलेलं पुस्तक कधीकधी तिथे निवांत पडलेलं असतं. नाहीच मिळालं तर त्याच लेखकाचं दुसरं उचलायचं. पेटी ज्यांच्याकडे येते त्यांनी करून पाहा.

मागचं पान मात्र बरेचदा लग्नाच्या अल्बमसारखं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ओळीने उभी माणसं. बाल विभागात उन्हाळी सुट्टीत मुलांनी स्वतः पुस्तकांना कव्हरं घातली, त्याची बातमी दोन ओळींत. उद्घाटनाला मात्र अर्धं पान. त्यातही एक चौकट मी आधी शोधते, ‘आमचे वाचक’. एका महिन्यात निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराने लिहिलं होतं की ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत वर्तमानपत्रही धड होत नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकली, पाऊस सुरू झाला की मग ते जाडे खंड काढतात. वाचनाचं असं वेळापत्रक मी कुठे वाचलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात ती चौकट गायब, तिच्या जागी पुन्हा सत्कार.

वर्गणी खिशाला जड नाही आणि पत्रकाचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांना काय वाचायचं ते आधीच ठाऊक असतं, त्यांना याची गरज नाही. कपाटापुढे उभं राहून दर वेळी तोच लेखक उचलणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

आता एक मागणी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक टाइप झेपत नाही. दर महिन्याला एक तरी ठळक टाइपातलं पुस्तक सुचवा, असं मी अभिप्राय वहीत लिहून आले. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, यादी करते, पण आधी कपाटात तशी पुस्तकं किती आहेत ते मोजावं लागेल. मोजणी सुरू आहे म्हणे.