स्कीट चोक की फुल चोक?

चोक म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवायचं, तोंड किंचित आवळणारं नळकांडं. बारा बोअर या मापाच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. फुल चोक तोंडाशी तो जेमतेम एक मिलिमीटरने आवळतो, स्कीट चोक तर त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शानेच. पण छर्ऱ्यांचा सगळा पसारा एवढ्यावर बदलतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद झाल्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न उरला तो नेमबाजीच्या रेंजवर हवेत उडवल्या जाणाऱ्या तबकड्यांपुरता.

स्कीट या नेमबाजीच्या प्रकारात तबकडी वीसेक मीटरवरून आडवी जाते आणि तिच्यासाठी एकच काडतूस. इथे मारा पसरट हवा. फुल चोक लावलात तर छर्रे झुपक्याने जातात. नेम वीतभर हुकला की तबकडी साबूत.

ट्रॅप या दुसऱ्या प्रकाराचं उलटं. तबकडी आपल्यापासून दूर पळते, फुटेपर्यंत तीस-पस्तीस मीटर गाठते. स्कीट चोकच्या विरळ छर्ऱ्यांमधून ती 11 सेंटिमीटरची चकती अलगद निसटते. फुल चोक 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात सुमारे 70 टक्के छर्रे राखतो.

तरी नवशिक्याने फुल चोकच्या मोहात पडू नये, असं मला मनापासून वाटतं. आधी प्रशिक्षकासमोर मोठ्या कागदावर एक बार काढा आणि भोकांमधल्या रिकाम्या जागांवर तळहात ठेवून बघा. तळहात मावला, तर तिथून तबकडीही निसटेल.

चोक बदलताना बंदूक रिकामी आणि उघडीच हवी. चोक घट्ट बसवा. सैल राहिला तर नळीचं तोंड खराब होतं.