चार दिवस, तीन जंगलजेट्या आणि सासूबाई

सागरी महामार्गाने दिवेआगरहून देवगडला जायचं ठरवलंत, तर हॉटेलं नंतर बघा, आधी जंगलजेट्या बघा. गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी फेरीबोट म्हणजे जंगलजेटी, कोकणात सगळे तिला हेच म्हणतात. आमच्या वाटेत अशा तीन लागल्या: सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे. रस्त्याबद्दल ओघात येईल ते येईल.

आम्ही दोघीच होतो. जुन्या वॅगन-आरच्या चाकावर मी आणि मागे सासूबाई, वय ७८, माहेर गुहागरजवळ. पहिल्या दिवशी ताम्हिणीतून उतरून दिवेआगर गाठलं. दुसऱ्या दिवशी आरवी-शेखाडीवरून श्रीवर्धन. हे वीसेक किलोमीटर घाईत उरकू नका. उजवीकडे सतत समुद्र असतो, आणि गाडी बाजूला घ्यायला जागाही मिळते. आम्ही मात्र इतक्या वेळा थांबलो की हरिहरेश्वरचं दर्शन आटपून बागमांडल्याला पोचेपर्यंत फेरी डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या फेरीपर्यंत उन्हात बसून शहाणपण आलं. फोनमधला नकाशा पाण्यावरचा वेळ दाखवतो, धक्क्यावर ताटकळण्याचा दाखवत नाही. प्रत्येक खाडीला एक तास धरा. लवकर सुटलात तर तो वेळ चहाला कामी येईल.

बोटीवर गाडी चढवायची मला भीती होती. बागमांडल्याच्या माणसाने ती दोन मिनिटांत घालवली. "ताई, आरशात बघू नका, माझ्या हाताकडे बघा," म्हणत त्याने गाडी उलटी घ्यायला लावली आणि एका टेम्पोच्या शेजारी अशी बसवली की माझं दार जेमतेम उघडलं. एवढ्या अरुंद जागेत कुणाच्या गाडीला ओरखडा नाही, कुणाचा आवाज चढलेला नाही. या एका गोष्टीला मी पैकीच्या पैकी देते. पाणी ओसरलेलं असेल तर फळी जरा उभी लागते आणि खाली बसक्या गाड्यांचं पोट घासतं. तेव्हा डिकीतलं सामान कमी ठेवा आणि चढताना क्लचवर भरवसा ठेवा.

दाभोळची जेटी तिघींत सर्वांत गजबजलेली. केळशी-आडे-आंजर्ले असं करत आम्ही दापोलीजवळच्या मुरूडला मुक्काम केला होता, तिथून सकाळी निघालो. आमच्या पुढे मासळीचा टेम्पो, मागे दुचाकींवर शाळेतले मास्तर आणि एक वऱ्हाड. ही सहलीची बोट नव्हेच, रोजच्या जाण्यायेण्याची आहे. ती नसेल तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. पेट्रोलच्या हिशेबात तिकीट काहीच नाही. गंमत म्हणजे, ज्याला अख्खा महाराष्ट्र दाभोळ वीजप्रकल्प म्हणायचा तो एन्रॉनचा कारखाना दाभोळला नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागरच्या अंगाला अंजनवेलला आहे. मला हे त्या दिवशी कळलं. सासूबाईंना अर्थातच माहीत होतं.

बोटीवर गाडी उभी केल्यावर मी काचा वर करून बसले, तर त्या म्हणाल्या, "अगो, खाली उतर की! खाडी काय काचेतनं बघायची?" कठड्याला धरून पंधरा मिनिटं उभ्या होत्या. लहानपणी याच खाडीत होडीतून येताना मांडीवर फणस धरून बसल्याची गोष्ट मी याआधी शंभरदा ऐकली असेन. पाण्यावर ऐकताना तो फणस जरा मोठा झाला होता.

आता तक्रारी. एका धक्क्यावर वेळापत्रकाचा फलक उन्हाने इतका विटला होता की आकडेच दिसेनात. विचारलं तर "येईल की" एवढंच उत्तर. तिथेच फोनला रेंज नव्हती, त्यामुळे स्कॅन करून पैसे जाईनात. मागच्या दुचाकीवाल्याने सुटे दिले म्हणून तिकीट निघालं. शंभराच्या आणि दहाच्या नोटा जवळ असूच द्या. स्वच्छतागृहाबद्दल एवढंच सांगते की आधीच्या गावातून आटपून निघा. गर्दीच्या शनिवार-रविवारी रांग लांबते, आणि पावसाळ्यात हवा बिघडली की फेऱ्या बंद होतात. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

तवसाळची फेरी लहान, पण माझी सर्वांत आवडती. हेदवीचा दशभुज गणपती करून दुपारी पोचलो, तर बोटीवर आमच्याखेरीज एक रिक्षा आणि तीन बायका, डोक्यावर पाट्या. पलीकडे जयगडचा किल्ला हळूहळू मोठा होत गेला आणि त्याच्याबरोबर बंदरातल्या क्रेनही. तिथून मालगुंड, गणपतीपुळे, मग आरे-वारेचा रस्ता. त्याची स्तुती इतक्यांनी केलीय की मी थांबते.

एकूण पाचपैकी चार. कापलेला एक गुण फलकाचा आणि स्वच्छतागृहाचा.

रत्नागिरीच्या पुढे या रस्त्यावर खाड्यांना पूल आहेत. वाट पाहणं नाही, फळी नाही, हात करणारा माणूस नाही. पूर्णगडच्या पुलावरून मी मुद्दाम हळू गाडी नेली आणि "आई, मुचकुंदी बघा," म्हणून मागे पाहिलं. सासूबाई घोरत होत्या.